बेचाळीस मिलिमीटरची गोष्ट

मंडळी, गेले तीन वीकेंड एका रिंगेपायी गेले. बायको म्हणते वाया गेले. मी म्हणतो, कॉलेजात चार वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही ते या तीन वीकेंडांत शिरलं. कोण बरोबर ते तुम्हीच ठरवा.

तर झालं असं. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या सांगवीतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून बाबांचा झेनिट खाली आला. रशियन कॅमेरा, वजनाला थेट वरवंटा. पिंपरीत टर्नरची नोकरी करताना बाबांनी तो एका सहकाऱ्याकडून सेकंडहँड घेतला होता. माझ्या बारशापासून प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंतचे सगळे फोटो त्यातलेच. आता शटर गेलंय, पडदा अर्ध्यात अडकतो. पण पुढची लेन्स, हेलिओस-४४-२, ५८ मिलिमीटर, एफ/२, अगदी ठणठणीत. आई म्हणाली, "द्या भंगारवाल्याला." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी लेन्स फिरवून काढली, काचेवर फुंकर मारली, रुमालात गुंडाळली आणि शोकेसमध्ये ठेवून दिली.

ते बघून मला राहवेना. माझ्याकडे सोनीचा मिररलेस आहे. म्हटलं, एक अडॅप्टर मागवू, बाबांना सरप्राइज देऊ. लेन्सच्या आट्याचा व्यास पट्टीनं मोजला, ४२ मिलिमीटर. ऑनलाइन '४२ मिमी ते सोनी ई' अशी रिंग दिसली. क्लिक केलं, चार दिवसांत दारात हजर.

रिंग पाऊण फेरा फिरली आणि अडकली. मी आणखी जोर लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब! आटे मारशील." सरप्राइज संपलं :)

बाबांनी खणातून पिच गेज काढला. (हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: करवतीसारखे दाते असलेल्या पत्र्यांचा जुडगा. जो पत्रा आट्यात चपखल बसेल तो त्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर.) लेन्सवर एक मिलिमीटरचा पत्रा बसला. रिंगेवर पाऊणचा. "व्यास बघितलास, पिच नाही बघितलास. तुम्हाला इंजिनिअरिंगला शिकवतात काय रे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग शोधाशोध केली. बेचाळीस मिलिमीटरचे आटे जगात दोन प्रकारचे निघाले. एक एम४२, पिच १ मिलिमीटर. हा १९४९ च्या सुमारास पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस आणि प्रॅक्टिका या कॅमेऱ्यांवर आला. दुसरा टी-माउंट, पिच ०.७५. हा १९५७ मध्ये जपानच्या टॅमरॉननं काढला आणि आजही दुर्बिणीला कॅमेरा जोडायला वापरतात. मी मागवलेली रिंग दुर्बीणवाल्यांची होती.

आता समजा, जोर लावून ती बसवलीच असती. तरी उपयोग शून्य. का, ते कळायला एक आकडा समजून घ्यावा लागतो. लेन्सचं बूड जिथे टेकतं तिथून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर, ज्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. प्रत्येक माउंटचं हे अंतर ठरलेलं. एम४२ चं ४५.४६ मिलिमीटर. सोनी ई चं १८. म्हणजे मला हवी असलेली रिंग बरोबर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिलिमीटर जाडीची. अडॅप्टर म्हणजे एवढंच, दोन आकड्यांची वजाबाकी. टी-माउंटचं अंतर ५५, म्हणून माझी रिंग ३७ ची, साडेनऊ मिलिमीटर जास्त. तेवढ्यानं काय होतं? ती लेन्स पुढे हातभर अंतरापलीकडचं काहीच स्पष्ट दाखवणार नाही. फुलाचे फोटो काढा, माणसांचे विसरा.

वजाबाकी शून्याखाली गेली की खेळ संपला. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं अंतर ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षा मिलिमीटरभर जास्त. आता उणे एक मिलिमीटरची रिंग कुठला टर्नर करून देणार? म्हणून निकॉनच्या एसएलआरवर ही लेन्स लांबचं फोकस करत नाही, किंवा मध्ये एक जादा काच घालावी लागते आणि ती चित्र बिघडवते. कॅनन ईएफचं अंतर ४४, तिथे दीड मिलिमीटरची पातळ रिंग चालून जाते. आणि २००८ नंतर मिररलेस आले, आरसा गेला, अंतर वीसच्या आसपास किंवा त्याखाली आलं. मग माळ्यावरच्या जवळपास सगळ्या लेन्सना पुन्हा दिवस आले. लेन्स त्याच होत्या, वजाबाकीचं उत्तर तेवढं धन झालं.

हे सगळं मी बाबांना उत्साहानं सांगत होतो. ते शांतपणे म्हणाले, "कोल्हापूरच्या मेस्त्रीनं आख्खा कॅमेरा घरी केला. तुला एक रिंग धड मागवता येईना."

बाबा मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, त्यामुळे हे अधूनमधून ऐकावं लागतं. पण या वेळी मी नीट वाचलं. मेस्त्री म्हणजे बाबूराव मेस्त्री, आपण ज्यांना बाबूराव पेंटर म्हणतो ते. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे भाऊ त्याच वेडानं झपाटले. विलायतेहून कॅमेरा आणायची ऐपत नव्हती, म्हणून स्वतःच करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, कॅमेरा अर्धाच होता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात आर्यन थिएटरात लागला.

आता मला पडलेला प्रश्न. यांनी कॅमेरा केला तो कशाला जुळवून? कोल्हापुरात बसून सगळं मनासारखं करता आलं असतं, एक गोष्ट सोडून. फिल्म. ती बाहेरून यायची, ३५ मिलिमीटर रुंद, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं. १९०९ मध्ये पॅरिसला निर्मात्यांच्या परिषदेत हे माप सगळ्यांसाठी ठरलं होतं. ते एक माप सांभाळलं म्हणून जगातली कुठलीही फिल्म त्यांच्या पेटीत चालली, आणि त्यांची फिल्म पुण्याच्या प्रोजेक्टरवर चालली. मला विचाराल तर कोल्हापूरचा तो कॅमेरा हाच आपल्याकडचा पहिला मोठा अडॅप्टर. एका बाजूला मेस्त्रीचा हात, दुसऱ्या बाजूला जगाचं माप.

त्याच फिल्मवर जर्मनीत ऑस्कर बारनाकचं काम चाललं होतं. सिनेमाची फिल्म त्यानं आडवी धरली आणि १८ बाय २४ ची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ ची केली. आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो ते हेच. लायका बाजारात आला १९२५ मध्ये. १९३० मध्ये त्याची लेन्स बदलता येऊ लागली, पण गंमत बघा, प्रत्येक लेन्स एकेका कॅमेऱ्याला मापून जुळवलेली असायची. शेजाऱ्याची लेन्स तुमच्या कॅमेऱ्याला चालायची नाही. १९३१ मध्ये त्यांनी अंतर २८.८ मिलिमीटर असं पक्कं केलं, आणि मग कुठलीही लेन्स कुठल्याही लायकावर बसू लागली. नवी काच नाही, नवं यंत्र नाही. फक्त एक आकडा ठरवला आणि पाळला.

एम४२ ची गोष्टही तीच. हा आटा पूर्व जर्मनीचा. तो जपानच्या पेंटॅक्सनं १९५७ मध्ये उचलला, पुढे सोव्हिएत झेनिटनंही घेतला. बर्लिनमध्ये भिंत उभी होती, पण मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या डिझाइनची लेन्स जपानी कॅमेऱ्यावर बिनतक्रार बसायची. १९७५ मध्ये पेंटॅक्स के माउंटकडे गेलं, बाकीचेही हळूहळू आपापल्या बंद दारांकडे गेले. आपण आयटीवाले ज्याला ओपन स्टँडर्ड म्हणून मिरवतो, तो या लोखंडवाल्यांनी आधीच करून सोडला होता!

असो. तुमच्याही माळ्यावर काही असेल, तर अनुभवाचे बोल ऐका. व्यास, पिच आणि अंतर, तिन्ही बघितल्याशिवाय रिंग मागवू नका. सुरुवातीच्या झेनिटचा आटा ३९ मिलिमीटर आहे, लायकाचाही ३९. पण लायकाचा पिच इंचाला २६ आटे, झेनिटचा १ मिलिमीटर, आणि अंतरं तर २८.८ आणि ४५.२, म्हणजे अजिबात जुळत नाहीत. फिल्टरचा आटा वेगळा मोजा, माझ्या हेलिओसचा ४९ आहे, ५२ चा फिल्टर लावायला स्टेप-अप रिंग स्वस्तात मिळते. जुना फ्लॅश मात्र नव्या कॅमेऱ्यावर तसाच चढवू नका. कित्येक जुन्या फ्लॅशच्या टोकांवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात, कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. आणि ट्रायपॉडची काळजी सोडा. पाव इंची स्क्रू, इंचाला २० आटे. बाबांचा जुना ट्रायपॉड माझ्या नव्या कॅमेऱ्याला पहिल्या फटक्यात बसला.

तिसऱ्या शनिवारी बरोबर रिंग आली. बाबांनी आधी व्हर्निअर लावला. "सत्तावीस पॉइंट तीन. तू सांगितलंस सत्तावीस पॉइंट शेहेचाळीस. सोळा शतांश कमी. आमच्याकडे हा जॉब रिजेक्ट झाला असता." मी समजावलं की बनवणारे मुद्दाम थोडी कमी ठेवतात, कारण जाड झाली तर लांबचं फोकस कायमचं गेलं, कमी असली तर लेन्सवरची खूण थोडी आधी येते इतकंच. त्यांना ते पटलं नाही. "मुद्दाम कमी" हे टर्नरला पटत नसतंच.

मग आम्ही गच्चीवर गेलो. मी कॅमेऱ्यात मेन्यू शोधत होतो, लेन्स जोडल्याचं कळत नाही म्हणून तो क्लिकच होऊ देत नव्हता. 'लेन्सशिवाय रिलीज' ऑन केलं. बाबांनी डोळा लावला, डाव्या हाताची बोटं आपोआप रिंगेवर गेली. आई वाळत घातलेले कपडे काढत होती. "अहो, माझा कसला काढताय," म्हणेपर्यंत झालं.

फोटो किंचित हललाय. रिंग रिजेक्ट असल्यामुळे, असं बाबांचं म्हणणं.