लिनक्सची लॉगिन स्क्रीन परत येतच नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा!

समजा, कन्हान नदीकाठच्या खाप्यात एका घरी जुना लॅपटॉप आहे. विंडोज जड जायला लागलं म्हणून कुणीतरी त्यावर उबुंटू टाकून दिलं. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज उद्यापर्यंत भरायचा आहे आणि स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं त्याच लॅपटॉपमध्ये आहेत. अपडेट झालं, मशीन रिस्टार्ट केलं आणि नाव-पासवर्ड विचारणारी ओळखीची स्क्रीन आलीच नाही. नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ!

अशा वेळी मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘फॉरमॅट मारून घ्या.’ पण फॉरमॅट म्हणजे कागदपत्रं, फोटो, हिशेब सगळंच जाण्याचा धोका. शिवाय दुरुस्तीसाठी सुमारे ३५ किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं तर दिवस जातो. गंमत म्हणजे, बहुतेक वेळा आतल्या फाइलींना काहीही झालेलं नसतं. बिघडलेला असतो तो फक्त दरवाजा!

लॉगिन स्क्रीन म्हणजे नेमकं काय?

लिनक्समध्ये लॉगिन स्क्रीन हा एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. उबुंटूमध्ये २०११ ते २०१७ या काळात लाइटडीएम होता, नंतर जीडीएम आला. केडीई वापरणाऱ्यांकडे बहुधा एसडीडीएम असतो. मशीन सुरू झालं की सिस्टमडी नावाची व्यवस्था इतर सेवांसारखीच ही सेवाही सुरू करते. ती पडली तरी खालची यंत्रणा चालूच असू शकते.

हा प्रश्न केवळ संगणकवेड्यांचा नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत उबुंटू पोहोचलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. पडदा काळा झाला की कामाचा खोळंबा सगळीकडे सारखाच होतो.

आज्ञा टाइप करण्याआधी

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ. सिस्टमसीटीएल म्हणजे ‘सिस्टम’ या इंग्रजी शब्दाला जोडून सी-टी-एल, तर जर्नलसीटीएल म्हणजे ‘जर्नल’ला जोडून सी-टी-एल. दोन्ही सलग, मध्ये जागा न सोडता.

१. मशीन जिवंत आहे का, ते बघा

कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर मशीन बहुधा जिवंत आहे. आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबायचं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही दाबावी लागते. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ असा शब्द आला की अर्धी लढाई जिंकली.

तिथे नेहमीचंच नाव आणि पासवर्ड द्यायचा. पासवर्ड टाइप करताना ठिपकेही दिसत नाहीत; कीबोर्ड बिघडला असं समजून घाबरायचं नाही.

२. डिस्क भरली आहे का?

लॉगिन स्क्रीनला सुरू होताना छोट्या तात्पुरत्या फाइली लिहाव्या लागतात. जागाच नसेल तर ती उघडता उघडताच बंद पडते. त्यासाठी ‘डीएफ डॅश-एच’ ही आज्ञा द्यायची. मुख्य विभागासमोर १०० टक्के दिसलं तर चोर सापडला!

उबुंटू आणि डेबियनवर ‘सुडो एपीटी क्लीन’ या आज्ञेने जुन्या डाउनलोड केलेल्या पॅकेज फाइली निघून जातात. स्वतःच्या कागदपत्रांना त्याने धक्का लागत नाही. जागा झाली की ‘सुडो रिबूट’ देऊन बघायचं.

३. सेवेची अवस्था विचारा

‘सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ अशी आज्ञा दिली की सेवा चालू आहे, थांबली आहे की अपयशी ठरली आहे ते कळतं. कोणता डिस्प्ले मॅनेजर आहे, तेही तिथेच दिसतं.

अपयशी असेल तर ‘सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर’ द्यायचं. पण एक इशारा: आधीचं ग्राफिकल सत्र मागे चालू असेल, तर त्यातल्या सगळ्या खिडक्या या आज्ञेने बंद होतात आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

पुन्हा पुन्हा रिस्टार्ट केलं की कधी सेवा सुरू व्हायलाच नकार देते. यामागे सिस्टमडीचा नियम आहे. ठरलेल्या मर्यादेनुसार १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करू पाहिलं की ती हात आखडते. अशा वेळी ‘सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड’ देऊन मगच रिस्टार्ट करायचं.

४. मशीनची डायरी वाचा

अंदाजपंचे उपाय करण्यापेक्षा मशीनलाच विचारलेलं बरं. ‘जर्नलसीटीएल डॅश-बी डॅश-पी ईआरआर’ या आज्ञेने मशीन सुरू झाल्यापासूनच्या चुकांच्या नोंदी दिसतात. नोंदींत ‘नो स्पेस लेफ्ट’ दिसलं तर डिस्क, ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर फाइलींचे अधिकार आणि एनव्हिडिया वा जीपीयूचं नाव वारंवार दिसलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर, असा माग लागतो. दिसलेल्या नोंदींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कुणाची मदत घ्यायची वेळ आली तर ‘चालत नाही’ या दोन शब्दांपेक्षा तो फोटो कितीतरी जास्त सांगतो.

५. पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा तीच स्क्रीन?

हा वेगळा आजार. इथे स्क्रीन येते, पासवर्ड स्वीकारते, क्षणभर काळोख आणि पुन्हा जैसे थे. लाइटडीएमसारख्या डिस्प्ले मॅनेजरवर एक्सऑथोरिटी नावाची लपवलेली फाइल अनेकदा कारण ठरते. कधीतरी सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवला की तिची मालकी रूटकडे जाते आणि नेहमीच्या वापरकर्त्याला ती उघडता येत नाही. काळ्या पडद्यावर ‘एमव्ही’ आज्ञेने त्या फाइलीचं नाव बदललं की पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते. तिच्या नावाआधी टिंब असतं आणि एक्स हे अक्षर मोठं असतं, हे विसरायचं नाही.

आणि पासवर्डच चुकीचा म्हणत असेल तर? मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आधी कोपऱ्यातली भाषा बघावी. कीबोर्ड इनस्क्रिप्ट मराठीवर राहिला असेल तर इंग्रजी पासवर्डची अक्षरं देवनागरीत उमटतात. ठिपक्यांमुळे ते कळत नाही.

६. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर

कर्नल नवा आला आणि ग्राफिक्स ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, असं एनव्हिडियाच्या कार्डांबाबत बरेचदा होतं. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणायचा आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडायचा. त्यावर लॉगिन स्क्रीन आली, तर दोष नव्या कर्नल-ड्रायव्हरच्या जोडीत आहे हे जवळजवळ नक्की. तूर्त काम जुन्या कर्नलवर उरकून घ्यावं, ड्रायव्हर सवडीने पुन्हा बसवावा.

वीज अचानक गेल्यानंतर बिघाड झाला असेल तर याच मेनूतल्या ‘रिकव्हरी मोड’मध्ये ‘एफएससीके’ हा पर्याय असतो. तो डिस्कवरची विस्कटलेली मांडणी तपासून दुरुस्त करतो. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नये, आधी माहिती वाचवावी.

७. काहीच जमलं नाही तर?

तरीही फॉरमॅट हा शेवटचा उपाय. दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून मशीन सुरू करायचं. सुरुवातीला ‘ट्राय’ हा पर्याय निवडायचा, ‘इन्स्टॉल’ नाही. इथे एक क्लिक चुकली तर सगळं पुसलं जाऊ शकतं. मग फाइल मॅनेजरमधून जुनी डिस्क उघडून ‘होम’ फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा पासवर्ड लागतो.

शिष्यवृत्तीची कागदपत्रं एकदा हाती आली की अर्ज कुठल्याही संगणकावरून भरता येतो. लॅपटॉपची दुरुस्ती नंतर निवांत करता येते. म्हणूनच दुकानदार फॉरमॅट मारायला निघाला, तर त्याला आधी एकच प्रश्न विचारावा: ‘होम फोल्डरची कॉपी काढली का?’