जुनी चाल, नवे शब्द : मनमाड, जलसा आणि महोत्सवाचा मांडव

शहरी संगीत-महोत्सवांच्या जाहिरातींत ‘इंडी’ आणि ‘फोक’ हे दोन शब्द बहुधा हातात हात घालून येतात. इंडी म्हणजे स्वतंत्र : चित्रपटासाठी न गाणारा, स्वतःची गाणी स्वतः रचून स्वतःच वाजवणारा गट. फोक म्हणजे लोकसंगीताशी नाते सांगणारा. पुण्यात डिसेंबर २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर सुरू झाला, त्याच्या दोन वर्षे आधी, २००८ साली, नाशिकजवळच्या सुला द्राक्षमळ्यात सुलाफेस्ट भरू लागला. करोनाकाळात तो खंडित झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा भरला. मनगटाला पट्टी बांधून आत शिरावे, एका मंचावरून दुसऱ्या मंचाकडे रेंगाळत जावे, कुठे ढोल आणि गिटार एकत्र ऐकू आले की थबकावे, असा हा प्रकार. मनमाडच्या तरुणाला तो दुर्गम नाही. पश्चिमेला नाशिक पाऊणशे किलोमीटरवर आहे. आणि येवला, कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड अशी गाडी धरली की पुणे येते. मनमाडला काही कमी असेल, पण गाड्या कमी नाहीत.

या महोत्सवांविषयी लिहिताना आपल्याकडे एक गोष्ट गृहीत धरली जाते : लोकसंगीत खेड्यात पडून होते, ते या गटांनी उचलून शहरात आणले आणि त्याला तरुण श्रोता मिळवून दिला. हे गृहीतक नाशिक जिल्ह्यापुरते तरी तपासून पाहण्यासारखे आहे. कारण स्वतःची गाणी स्वतः रचणारे, कोणाच्या आश्रयावर न जगणारे, लोककलेचा साचा घेऊन शहरातल्या गर्दीसमोर उभे राहणारे गट या जिल्ह्याने १९३० च्या दशकातच पाहिले होते. त्यांना कोणी बँड म्हटले नाही. त्यांचे नाव जलसा.

जलशाकडे जाण्याआधी मनमाडकडे पाहिले पाहिजे. हे गाव नांदगाव तालुक्यातले. पण त्याला आजचे रूप दिले ते रेल्वेने. मुंबईहून भुसावळकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य वाट, १८७८ साली सुरू झालेला दौंडचा फाटा, आणि पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या मुलखातून आलेली लहान रुळांची गाडी, अशा तीन वाटा इथे मिळाल्या. जंक्शन म्हटले की गँगमन आले, फायरमन आले, हमाल आले, पुलांचे लोखंडी सांगाडे घडवणारा कारखाना आला. जमिनीच्या तुकड्यावर नव्हे, तर महिन्याच्या पगारावर जगणारी वस्ती उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या माणसांना गावकीच्या बाहेरचा रोख पैसा देणाऱ्या ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत रेल्वे ही एक.

पण रेल्वेतही जात रुळांवरून चालतच होती. मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले, ते त्यातल्या एका सूत्रासाठी नेहमी उद्धृत होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार होय. सूत्र मोलाचे आहेच. मला मात्र त्या भाषणातला एक बारीक तपशील अधिक बोलका वाटतो. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच का राहतो, याचे कारण त्यांनी सांगितले. त्याला पोर्टरची जागा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही लावतो, आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे? एवढ्या एका उदाहरणात कारखानदारी आणि चूल यांची सांगड उघडी पडते. व्याख्यानात असा दाखला ऐकला की माणूस मान डोलावतो. वगात स्टेशनमास्तर आणि गँगमन समोरासमोर उभे केले तर तोच माणूस हसतो, आणि हसता हसता चिडतो. जलशाची सारी ताकद या दुसऱ्या प्रतिसादात होती.

हा जिल्हा त्या काळात किती तापलेला होता हे तारखांवरून कळते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला, म्हणजे मनमाडहून दौंडच्या गाडीने अगदी थोड्या अंतरावर, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत मनमाडची परिषद. या घटनांच्या मधल्या काळात गावोगाव बातमी कोणी नेली? वर्तमानपत्र वाचता येणारे थोडे. सभा रोज होत नाहीत. बातमी नेली ती बऱ्याच अंशी ढोलकीने.

भीमराव कर्डक यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत राहणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या तरुणांना हाताशी धरून आपला जलसा उभारला. त्यांनीच पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, आणि या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडे वळावे लागते. साचा तमाशाचा : गण, गौळण, बतावणी, लावणीच्या वळणाची गाणी, शेवटी वग. हा साचा आधी सत्यशोधकांनी वापरून पाहिला होता. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांवर ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी जलसे चालवले आणि गणातल्या गणपतीचा अर्थच ‘गणांचा नायक’ असा फिरवून टाकला. आंबेडकरी जलशांनी आणखी पुढे जाऊन साच्यातले बरेच काही उपसून काढले. कृष्ण-गोपींची छेडछाड गेली. नाच्या गेला. उरलेल्या जागेत सावकार, भटजी, पाटील, दारूडा, शिकायला निघालेला मुलगा ही पात्रे आली. मेलेल्या ढोराचे मांस सोडा, मुलीला शाळेत घाला, मंदिरात जायचे ते देवासाठी नव्हे, हक्कासाठी, हे विषय बतावणीत आले. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज. मागे झील धरणारे. रंगमंच म्हणजे वस्तीतले मोकळे पटांगण. तिकीट नाही. आपल्या दहा सभा आणि एक जलसा यांचे मोल सारखेच, अशा अर्थाचे उद्गार आंबेडकरांनी एक जलसा पाहून काढले, असे परंपरेने सांगितले जाते.

हे गट ‘खेड्यातून शहरात’ आले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. ते शहरातच जन्मले, नायगाव-डिलाईल रोडच्या चाळींत, गिरणीच्या पाळ्या सांभाळून. आणि सुट्टीत रेल्वेने जिल्ह्याकडे गेले. लोककला म्हणजे मातीतून आपोआप उगवणारी वस्तू, ही आपली कल्पना इथे कामाची नाही. इथे पगारदार माणसांनी, ठरवून, एका जुन्या साच्याची दुरुस्ती केली होती.

वामनदादा कर्डक याच परंपरेतले, आणि याच जिल्ह्यातले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म, मुंबईत कष्टाची कामे, अक्षरओळख झाली तीही तरुणपणी. त्यांचे पहिले गाणे १९४३ सालचे, आणि ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते, असे सांगितले जाते. अभिजनांनी नेमक्या याच गोष्टीला नाक मुरडले आहे : भीमगीतांच्या चाली उसन्या, सिनेमाच्या, म्हणून त्यांत संगीत ते काय! आक्षेप वरवर बरोबर वाटतो. पण चाल उसनी का घेतली जाई, याचा विचार आक्षेप घेणारे करत नाहीत. ओळखीच्या चालीला शिकवावे लागत नाही. पहिल्या कडव्यानंतर दुसऱ्या कडव्याला पटांगणातले पाचशे लोक झील धरू शकतात. चाल जुनी असल्यामुळे कान पूर्ण मोकळा राहतो आणि सगळे लक्ष शब्दांवर जाते. आणि शब्द नवे, कालपरवाचे असतात. अण्णा भाऊ साठ्यांनीही दुसऱ्या वाटेने हेच केले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे ‘माझी मैना’ या छक्कडीत मुंबईला आलेल्या मजुराचा विरह घेऊन तो संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत नेला. विरहाची छक्कड श्रोत्यांच्या ओळखीची, सीमाप्रश्न मात्र ताजा.

आता महोत्सवातल्या मंचाकडे परत वळू. दिल्लीचा इंडियन ओशन हा १९९० पासूनचा गट. त्यांचे ‘माँ रेवा’ नर्मदाकाठच्या लोकगीतावर उभे आहे. रघु दीक्षित एकोणिसाव्या शतकातल्या शिशुनाळ शरीफांच्या कन्नड पदांना गिटारवर बसवतात. आपल्याकडे अभंग रीपोस्टसारख्या गटाने तुकारामांना बास गिटार आणि ड्रम्सच्या सोबतीला आणले. हे सगळे मी आवडीने ऐकतो, आणि त्यातली मेहनत थोडी नाही. मात्र त्यांची रीत जलशाच्या बरोबर उलट आहे. इथे शब्द जुने, आणि नाद नवा. श्रोत्याला शब्द कळले नाहीत तरी चालते. पुष्कळदा ते न कळण्यातच त्यांची गोडी असते. पुण्यातल्या मैदानावर कन्नड पद ऐकून हजारो तरुण नाचतात, तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचतो तो ठेका आणि त्यात भरलेली एक मोघम भक्ती. शरीफांनी कोणाला टोचले होते, हे त्या रात्री कोणी विचारत नाही.

रीत उलट असल्याचा एक परिणाम असा, की महोत्सवातल्या ‘फोक’ मध्ये अभंग बसतो, गोंधळ बसतो, पोवाडाही बसतो, पण भीमगीत क्वचितच बसते. त्याचे कारण नेहमी सांगितले जाते तसे ‘सुमार चाली’ हे नसावे. लोकगीत म्हणून आपण जे स्वीकारतो, त्याचा कर्ता विसरला गेलेला असतो, किंवा इतका पूज्य झालेला असतो की त्याचे बोलणे आता कोणाला लागत नाही. वामनदादांच्या गाण्याला कर्ता आहे, तारीख आहे, आणि ज्यांच्याविषयी ते बोलते ती माणसे अजून शेजारी राहतात. असे गाणे लोक तोंडपाठ म्हणत असले तरी ‘लोकगीत’ होत नाही. विरोधाभास एवढाच, की १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांची कित्येक गाणी त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या माणसांच्या ओठांवर होती. अनामिकतेची अट पुरी झाली होती, तरी प्रवेश नव्हता.

जलशाचे गोडवे गाताना त्याच्या उणिवा झाकायचे कारण नाही. बायकांची पात्रे दीर्घकाळ पुरुषांनीच केली. मुलींना शिकवा म्हणणाऱ्या बतावणीतली आईसुद्धा मिशा काढलेला गडीच असे. पुढे जयंतीच्या मांडवातल्या सामन्यांत स्तुती वाढली, प्रश्न आटले. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सार्वजनिक जयंतीचा पायंडा पाडला, तो आज गावोगाव पोचला आहे. त्यातल्या ध्वनिभिंतींपुढे शब्द ऐकू येणेच अवघड झाले आहे. शब्द हेच ज्या गाण्याचे सर्वस्व, त्याची ही अवस्था. या बाबतीत महोत्सवातला ध्वनिसंयोजक आपल्या गायकाचा अधिक मान राखतो, हे कबूल केले पाहिजे. तिथे वादकाला ठरलेले मानधनही मिळते. जलशातल्या कलावंतांच्या वाट्याला बहुधा जेवण आणि गाडीभाडे येई.

दोन्ही रीती एकत्र येणे अशक्य नाही. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गट मंचावर आला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना गायक, रॅप आणि रॉक, आणि शब्द आरक्षणापासून गटारसफाईपर्यंतचे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप-गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले वारली गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेतले, जंगलतोडीचा वाद पेटलेला असतानाच. इथे नादही नवा आहे आणि शब्दही. नव्या शब्दांची किंमत मात्र मोजावी लागते : २००२ साली पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०११ नंतर बेकायदा हालचाली प्रतिबंधक कायद्याखाली तुरुंग पाहावा लागला. जुने शब्द गाणाऱ्यांवर ही पाळी सहसा येत नाही.

मनमाडच्या परिसरातल्या एखाद्या तरुण गटाला आपल्याच जिल्ह्याची ही गाणी मंचावर आणावीशी वाटली, तर पहिली अडचण विचाराची नसेल, आवाजाची असेल. १९३० च्या दशकातले जलसे आपल्यापर्यंत मुख्यतः कागदावर पोचले. नंतरच्या काळात जयंतीच्या मांडवाबाहेर विकल्या जाणाऱ्या छोट्या गीतपुस्तिका अजून काही घरांत सापडतात. त्यांत स्वरलिपी नसते. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याचे नुसते पहिले दोन-चार शब्द असतात. तेव्हा तेवढे पुरे होते, कारण ते गाणे सगळ्यांनाच येत असे. आज त्यांतली कित्येक गाणी कोणालाच येत नाहीत. ती आधी शोधावी लागतील, जुन्या तबकड्यांत, किंवा नव्वदीतल्या एखाद्या निवृत्त गँगमनच्या आठवणीत.