गणिताला कोण आहे? शिक्षकाच्या पात्रतेत ‘विषय’ कसा आला

न्हावऱ्यात बोलायचं ठरलं तेव्हा आयोजकांनी विषय विचारला. आम्ही म्हटलं, जून महिन्यात शाळेच्या फाटकापाशी पालक जो प्रश्न विचारतात, तोच घेऊ. ‘यंदा गणिताला कोण आहे?’ इंग्रजीला कोण, विज्ञानाला कोण, हेही विचारतात, पण गणिताचा प्रश्न आधी येतो. या साध्या प्रश्नामागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नीट सांगितला जात नाही.

आधी एक कबुली देतो, म्हणजे आम्ही कुठून बोलतोय ते कळेल. आमची पदवी इतिहासाची. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत, नाव सांगत नाही, आम्ही आठवीला दोन वर्षं गणित शिकवलं. गणिताचे सर निवृत्त झाले होते आणि नवीन पद मिळत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, वेळापत्रकात तुमचे तास कमी भरतायत, घ्या. आम्ही आदल्या रात्री मार्गदर्शक वाचायचो आणि सकाळी फळ्यावर उतरवायचो. मुलं पास झाली. पण बैजिक राशींचे अवयव का पाडायचे, हे आम्हालाच कळलेलं नव्हतं, तर मुलांना काय कळणार?

आता मागे जाऊ. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. स्त्रीशिक्षण आणि प्राथमिक शिक्षणाचा हक्क या अंगानं ते पुष्कळ वाचलं जातं. शिक्षक कोण असावा याबद्दल त्यात जे आहे, तिकडे मात्र कमी लक्ष जातं. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला त्याला लाज वाटू नये, असं त्यांचं म्हणणं. पगार 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात 15 ते 20 द्यावा. शिकवायचं काय? मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. शिवाय गावचे हिशेब तपासणं, पोस्टाचं काम पाहणं अशी कामंही त्याला जोडून द्यावीत.

बघा, त्या मास्तराला विषय नाही. त्याला गाव आहे. पुढची कितीतरी वर्षं खेड्यातला मास्तर असाच राहिला. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी पास झालेला, जमलं तर ट्रेनिंग केलेला. एका खोलीत चार इयत्ता बसायच्या आणि सगळं एकच माणूस शिकवायचा. 1935 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, ते याच माणसाला घडवायला. त्याच्या सनदेवर गणित किंवा भूगोल असं काही लिहिलेलं नसे.

मग विषय आला कुठून? तो हायस्कुलातून आला, आणि गंमत अशी की पहिली कडक अट गणिताला नव्हती. ती होती चित्रकलेला आणि व्यायामाला! चित्रकला शिक्षकाला जे. जे. स्कूलच्या परंपरेतल्या कला परीक्षा द्याव्या लागत, नंतर ए.टी.डी. म्हणजे कला शिक्षक पदविका आली. खेळाच्या शिक्षकासाठी कांदिवलीला 1938 साली सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. बी.ए. झालेल्या माणसाला कुणी चित्रकलेचा तास दिला नसता. गणिताचा मात्र दिला असता, आणि दिलाही.

कारण हायस्कूलच्या शिक्षकाची व्याख्या होती ‘पदवी अधिक बी.एड.’ खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली यांनी ही व्याख्या पक्की केली. आपल्यातल्या जुन्या शिक्षकांना ‘अनुसूची ब’ आणि ‘अनुसूची फ’ ही अक्षरं पाठ असतील. ब मध्ये पात्रता, फ मध्ये सेवाज्येष्ठता. डी.एड. वर लागलेला शिक्षक पुढे बी.एड. झाला तर त्याची ज्येष्ठता कधीपासून धरायची, यावर कोर्टात किती दावे गेले! माणसांची अर्धी नोकरी त्यात गेली. पण वर्गात कोणता विषय कोण शिकवणार यासाठी कुणी कोर्टात गेल्याचं आम्हाला फारसं आठवत नाही. बी.एड. ला दोन अध्यापन पद्धती घ्याव्या लागत, मराठी-इतिहास किंवा गणित-विज्ञान अशा. ती दोन नावं म्हणजेच आपल्याकडची विषयाची नोंद. विषयाची खरी अट कनिष्ठ महाविद्यालयात लागली. तिथे त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे अकरावीला विषय शिक्षक, आणि ज्या आठवीत मूल गणिताला घाबरायला शिकतं तिथे ‘जो उपलब्ध असेल तो’.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत याची रचना वेगळी आहे. तिथे शिक्षकाकडे राज्याचा परवाना असतो आणि कोणते विषय शिकवता येतील ते त्या परवान्यावर नोंदवलेलं असतं. नवीन विषय हवा तर त्या विषयाची परीक्षा द्यायची किंवा ठरावीक अभ्यासक्रम पुरा करायचा, मग ती नोंद वाढते. तिथेही शिक्षक कमी पडतात आणि सवलती द्याव्या लागतातच. पण निदान चाळिशीतल्या शिक्षकाला नवा विषय रीतसर आपला करून घ्यायला एक दार आहे. आपल्याकडे विषय पदवीला चिकटलेला असतो, आणि पदवी विसाव्या-एकविसाव्या वर्षी घेतलेली असते.

आपल्याकडे मोठा बदल झाला तो 1 एप्रिल 2010 पासून, शिक्षणहक्क कायद्यानं. या कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलंय: विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक, असे निदान तीन शिक्षक हवेत. देशाच्या कायद्यात खेड्यातल्या सातवीच्या मुलाला गणिताचा वेगळा शिक्षक कबूल केला गेला. हे लहान पाऊल नव्हे. त्याच वर्षी 23 ऑगस्टच्या अधिसूचनेनं टीईटी आली आणि महाराष्ट्रात पहिली टीईटी 15 डिसेंबर 2013 ला झाली. दुसऱ्या पेपरात 150 पैकी 60 गुण विषयाचे, एकतर गणित-विज्ञान नाहीतर सामाजिक शास्त्र.

आणि चित्रकला, खेळ, कार्यानुभव? ज्यांना सर्वांत आधी विषयाची अट लागली, त्यांना या परिशिष्टानं अंशकालीन करून टाकलं, तेही पट शंभरावर असेल तरच. आम्हाला हे कधीच पटलं नाही.

बरं, पात्रता तर वाढली. पण प्रत्यक्ष निवड कशी होते? 2017 पासून शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी आहे, 200 गुणांची: 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. त्या गुणांवर पवित्र पोर्टलवरची निवड चालते. या 200 गुणांत विषयज्ञानाची वेगळी परीक्षा नाही. तो टीईटीत एकदा पाहिला, पदवीवरून एकदा पाहिला, झालं. त्यात 2019-20 च्या टीईटीत गैरप्रकार उघडकीला आले आणि सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्याचा डाग प्रामाणिकपणे पास झालेल्यांनाही सोसावा लागला.

पण खरी मेख दुसरीकडेच आहे. विषयाची अट एक नियम घालतो आणि पदं किती द्यायची ते दुसरा ठरवतो. दुसऱ्याचं नाव संचमान्यता. ती पटावर चालते, विषयावर नाही. 30 सप्टेंबरचा पट धरायचा, मुलं मोजायची, पदं काढायची. मुलं कमी भरली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. जातो कोण? ज्येष्ठतेत शेवटचा. तो गणिताचा एकटाच असला तरी.

न्हावऱ्याच्या लोकांना ही तारीख वेगळी समजावून सांगायला नको. घोडगंगा कारखान्याचं गाळप चालायचं तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या त्या दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे पट मोजून झाल्यावर. ती पोरं आपल्या गावच्या पटावर मोजली गेलेली असत, आणि इथल्या उसाच्या फडाकडेला राहात असत. तिकडे शिक्षक आहे पण मूल नाही, इकडे मूल आहे पण त्याच्या नावचा शिक्षक नाही. साखरशाळा निघाल्या, त्यांनी अक्षरओळख टिकवली. पण कोपीतल्या सातवीच्या मुलीला विज्ञान-गणिताचा शिक्षक, जो कायद्यानं तिला कबूल केलाय, तो देणार कोण, याचं उत्तर संचमान्यतेच्या तक्त्यात सापडत नाही.

शेवटी अलीकडचं. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाच वर्षांच्या आत असतील त्यांना सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. निकाल आल्यापासून पन्नाशीला टेकलेले शिक्षक पुस्तकं घेऊन बसलेत. उच्च प्राथमिकच्या शिक्षकाला फॉर्म भरतानाच ठरवायचं आहे: गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र? भाषेची पदवी घेऊन वीस वर्षं वर्गात गणितच घेतलेल्या माणसानं इथे काय लिहायचं?

आमचा वेळ संपला. मागच्या रांगेत बसलेल्या बाईंचा हात मघापासून वर आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.