कुन्नूरचे उंदीर आणि आपलं ताट

आपण शाळेत 'चौरस आहार' शिकलो, त्याची एक वाट निलगिरीतल्या कुन्नूरला जाते. १९२०च्या दशकात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिथे उंदरांना प्रांतोप्रांतीचं जेवण घातलं. शिखांच्या जेवणावरचे, म्हणजे कणकेची पोळी, डाळ, भाज्या, दूध, लोणी खाणारे उंदीर सर्वांत धट्टेकट्टे निघाले. सडलेल्या तांदळावर भिस्त असलेलं मद्रासी जेवण तळाला. मराठ्यांचं तिसरं, बरं का! तो काळ 'लढाऊ जाती' मानण्याचा. मग जोम रक्तातला की ताटातला? उंदीर तर सगळे एकाच कुळीचे होते. पुढे १९३७मध्ये वॉलेस एक्रॉइड यांनी तिथूनच भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. त्यात दूध, पालेभाजी वाढवायला सांगितलं. पण गरिबाला हे परवडायचं कसं, हा हिशेबही त्यांना मांडावा लागला.