१.६ हा आकडा आला कुठून?

मागच्या व्याख्यानानंतर एका आजींनी आम्हाला थांबवून विचारलं, "नातू फोन उशाशी घेऊन झोपतो, त्याचं काय करायचं?" उत्तर देऊ, पण आधी एका आकड्याचा इतिहास बघू.

आपापल्या फोनवर *#०७# दाबून पाहा. बहुतेक फोनवर 'एसएआर' अशी अक्षरं आणि पुढे एक आकडा दिसेल. रेडिओलहरींची ऊर्जा शरीरात किती शोषली जाते, दर किलोला किती वॅट, त्याचं हे माप. भारतात ही मर्यादा १.६ आहे. आता १.६ च का? दीड का नाही, दोन का नाही?

गोष्ट रडारपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन नौदलाला प्रश्न पडला, की रडारजवळ काम करणाऱ्या माणसांना किती लहरी सोसतील? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हर्मन श्वान यांनी १९५३ मध्ये सरळ हिशेब मांडला. शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकतं, ते बघा. दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट म्हणजे धोका, तर दहापट खाली राहा, म्हणजे १० मिलिवॅट. पुढे १९६६ च्या अमेरिकन मानकात हाच आकडा आला.

तिकडे सोव्हिएत रशियात मर्यादा होती याच्या हजारपट कमी! असं कसं? रशियन डॉक्टर कामगारांची डोकेदुखी, थकवा, झोपेच्या तक्रारीही धरत होते. अमेरिकन फक्त उष्णता मोजत होते. म्हणजे भांडण नुसतं आकड्याचं नव्हतं, इजा कशाला म्हणायचं याचं होतं. १९७६ मध्ये जगाला कळलं, की मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीवर कित्येक वर्षं मायक्रोवेव्ह सोडले जात होते. अमेरिकेच्या मर्यादेपुढे ते अगदीच क्षीण. झाली पंचाईत! धोका नाही म्हणावं तर कर्मचारी चिडणार, आहे म्हणावं तर आपलंच मानक खोटं ठरणार.

मग १९८२ मध्ये नवं मानक आलं आणि एसएआर हे माप त्याच्या मध्यभागी बसलं. आधार होता प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. खाण्यासाठी कळ दाबायला शिकवलेले उंदीर आणि माकडं साधारण दर किलोला ४ वॅटच्या आसपास काम सोडून देत. शरीराचं तापमान सुमारे एका अंशाने चढलेलं असे. हा ४ चा आकडा पाया धरला. त्याला ५० ने भागलं, सामान्य लोकांसाठी मर्यादा झाली ०.०८. पण ही सगळ्या शरीराची सरासरी. शरीराच्या एखाद्या भागात ऊर्जा सरासरीच्या वीसपट साठू शकते, म्हणून ०.०८ ला २० ने गुणलं. किती झाले? १.६! मंडळी, एवढीच त्याची जन्मकथा. १९९१ च्या मानकात तो आला आणि १९९६ मध्ये अमेरिकेने मोबाइलला लागू केला. युरोपात दुसऱ्या हिशेबाने २ हा आकडा आहे. तिथे १० ग्रॅम ऊतींची सरासरी घेतात, अमेरिकेत १ ग्रॅमची. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आपल्याकडे आधी युरोपासारखंच चालत होतं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने १ ग्रॅमवर १.६ ही मर्यादा घेतली आणि टॉवरसाठीची मर्यादा तर आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली.

मग १.५ वाला फोन वाईट आणि ०.८ वाला चांगला का? नाही. छापलेला आकडा फोन पूर्ण जोर लावतो तेव्हाचा असतो आणि तो द्रव भरलेल्या नकली डोक्यावर मोजतात. ते डोकं अमेरिकन सैनिकांच्या मापांवरून बनवलेलं, बऱ्यापैकी मोठं! लहान मुलांचं काय, हा आक्षेप तिथूनच निघाला. रोजच्या वापरात फोन गरजेपुरताच जोर लावतो. रेंज कमी, तर जोर जास्त. म्हणूनच गंमत बघा. सोसायटीच्या बैठकीत "टॉवर नको" म्हणून हात वर करणारे आपण, टॉवर लांब गेला की आपलाच कानाजवळचा फोन जास्त जोर लावतो.

आणि कर्करोग? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कारक' अशा गटात टाकलं. त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, शंका पूर्ण फिटलेली नाही. २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. घाबरायचं कारण नाही, पण चार गोष्टी सांभाळायला पैसे पडत नाहीत.

तर आजी, तुमचं उत्तर. इतिहासाने आपल्याला दिलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर. फोन डोक्यापासून थोडा जरी लांब गेला, तरी शोषण झपाट्याने उतरतं. लांबलचक बोलणं स्पीकरवर किंवा इअरफोनवर करा. लिफ्टमध्ये, तळघरात, रेंज नसताना बोलणं आटोपतं घ्या. नातवाचा फोन रात्री टेबलावर जाऊ दे. लहरींसाठी नाही तरी झोपेसाठी, आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापतो त्यासाठी. आणि तो मोटारसायकल चालवताना फोन कानाला लावत असेल, तर आधी तिथे कान धरा. तो धोका ठरवायला कुठल्याही समितीची गरज पडलेली नाही.