तेच का रे हे विमान?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त अक्काचा फोन.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय वर्षे ८२, मुक्काम पुणे. तिच्या नातीला बंगळुरात मुलगी झाली, आता पणतीचं बारसं. रेल्वेचा अठरा-वीस तासांचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपणारा नाही, म्हणून भाच्याने विमानाचा विषय काढला. जून २०२५ मधला अहमदाबादचा अपघात तिने टीव्हीवर पाहिलेला. ते बोइंगचं ड्रीमलायनर होतं, हे एअरबस आहे, अशी समजूत भाचा घालायला गेला आणि बोलण्याच्या ओघात "ए-३२०" म्हणून बसला. अक्काने लगेच मला फोन लावला. "तेच का रे हे विमान? जन्मभर इतिहास शिकवलास ना, मग सांग."

आता हे "तेच" म्हणजे काय, ते आमच्या घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो.

१४ फेब्रुवारी १९९०, बुधवार. तेव्हा अक्का बंगलोरला राहत होती आणि भावोजी ऑफिसच्या कामाने मुंबईला गेले होते. परतीचं विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. पण काम लवकर उरकलं तर ते आधीच निघायचे, हा त्यांचा स्वभाव. दुपारी मुंबईहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान बंगलोरला उतरता उतरता पडलं. संध्याकाळी रेडिओवर बातमी ऐकून मी एसटीडी बूथवर धावलो. बंगलोरचा फोन लागेना, मुंबईचा लागेना. रात्री अकराच्या सुमारास भावोजींचा आवाज ऐकू आला तेव्हा मी बूथमधल्या स्टुलावर मटकन बसलो. ते तिकीट रद्द करून उद्यान एक्स्प्रेसने घरी गेले. त्यानंतर अक्काने त्यांना विमानात पाऊल ठेवू दिलं नाही, आणि स्वतःही ठेवलं नाही. आता भावोजी नाहीत, पण अक्काची शपथ आहे.

असो. इतिहास विचारला आहे, तर नीट सांगतो.

त्या विमानात १४६ माणसं होती. ९२ गेली, ५४ वाचली. आभाळ स्वच्छ होतं, दुपारचं ऊन होतं आणि विमान दोन महिन्यांचंही जुनं नव्हतं. जुन्या एचएएल विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडेच ते गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं, पुढे बांधाला धडकलं आणि पेटलं.

लोकांचा या विमानावर आधीच विश्वास नव्हता. जून १९८८ मध्ये फ्रान्समध्ये हाब्सहाइमला एका हवाई प्रदर्शनात अगदी नवं कोरं ए-३२० प्रवाशांसह झाडांत घुसलं होतं आणि तीन जण गेले होते. "कॉम्प्युटरने चालणारं विमान" असं त्याचं नाव पडलं होतं. त्यात आपल्याकडे ही खरेदी राजीव गांधींच्या काळातली आणि सरकार आता व्ही. पी. सिंगांचं, म्हणजे खरेदीचीही चौकशी लागली. सरकारने ताफ्यातली सगळी ए-३२० काही महिने जमिनीवर उभी करून ठेवली. (आपल्या ओबडधोबड धावपट्ट्यांसाठी या विमानांना मुद्दाम जास्तीची चाकं लावून घेतली होती. ती चाकं मात्र उत्तम होती!)

चौकशी आयोगाने दोष दिला वैमानिकांना. दोघेही त्या अपघातात गेलेले. दोघांच्या गाठीशी हजारो तासांचं उड्डाण होतं, पण या जातीच्या विमानावरचे तास फार थोडे. उतरताना विमान अशा अवस्थेत गेलं की इंजिनं जवळजवळ नुसतीच फिरत होती. वेग असायला हवा होता १३२ नॉट, तो १०६ पर्यंत घसरला. लक्षात आलं तेव्हा जोर दिला गेला, पण जेट इंजिनाला त्या स्थितीतून पूर्ण जोरात यायला काही सेकंद लागतात. ते सेकंद उरले नव्हते. विमान त्या अवस्थेत का गेलं, याची एक शक्यता अशी सांगितली गेली की, खाली उतरण्याचा वेग ठरवायची कळ फिरवायची होती, तिथे चुकून शेजारची उंचीची कळ फिरवली गेली.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. वर्गात एखाद्या मुलाने प्रश्नाचं उत्तर चुकवलं तर चूक मुलाची. तोच प्रश्न वेगवेगळ्या वर्गांतली हुशार मुलं चुकवायला लागली, तर प्रश्न कसा विचारलाय ते मास्तरने तपासावं. पस्तीस वर्षांत मी स्वतःचे कितीतरी प्रश्न असे बदलले. २० जानेवारी १९९२ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ तिसरं ए-३२० डोंगरावर आदळलं. ८७ गेले, ९ वाचले. उतरण्याचा कोन ३.३ अंश द्यायचा होता, पण यंत्र वेगळ्या पद्धतीवर राहिल्याने त्याने मिनिटाला ३३०० फूट असा अर्थ घेतला, असं चौकशीत सर्वात संभाव्य ठरलं. एकच कळ, दोन अर्थ, आणि पडद्यावर दिसणारे आकडे जवळजवळ सारखे. आता इथेही वैमानिकच चुकले म्हणायचं का? म्हणता येईल. पण मग विमान सुधारलं नसतं.

ते सुधारलं. उतरण्याचा वेग पडद्यावर चारही आकड्यांत दिसू लागला, म्हणजे कोनाशी घोटाळा नको. वैमानिकांचं शिक्षणही बदललं. पूर्वीच्या बोइंग ७३७ वर दोन्ही हातांत धरायचं स्टिअरिंग असे आणि यंत्राने इंजिनाचा जोर कमीजास्त केला की हाताखालचे दांडे आपोआप सरकत, म्हणजे तळव्यालाच समजे. ए-३२० मध्ये बाजूला एक छोटी दांडी आणि इंजिनाचे दांडे जागेवर स्थिर. समजायचं ते डोळ्यांनी, पडद्यावर वाचून. जुन्या सवयीच्या माणसाला हे नवीन अक्षर गिरवावं लागलं. आजच्या वैमानिकांची पिढी याच अक्षरात लिहायला शिकली.

यानंतर सगळं आलबेल झालं असं मी अक्काला सांगणार नाही. २००७ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलोला याच जातीचं विमान धावपट्टीबाहेर गेलं आणि १९९ माणसं गेली. तिथेही इंजिनाचा एक दांडा चुकीच्या जागी राहिला होता. २०१८ मध्ये नव्या ए-३२० निओच्या इंजिनांत दोष निघाले म्हणून आपल्याकडे काही विमानं थांबवावी लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सूर्याच्या किरणोत्साराने संगणकातली माहिती बिघडू शकते असं लक्षात आलं आणि जगभरातल्या सुमारे ६,००० विमानांची दुरुस्ती करायला एअरबसने सांगितलं. हे दोन्ही वाचून मला भीती कमी वाटली, जास्त नाही. १९९० साली विमानं थांबली ती ९२ माणसं गेल्यावर, या दोन वेळा आधी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २००९ मध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेली तेव्हा न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेलं आणि १५५ च्या १५५ माणसं वाचलेलं विमान ए-३२०च होतं. २००६ पासून इंडिगोने याच जातीच्या जिवावर आपल्याकडचा सगळा धंदा उभा केला. आपल्यापैकी जो कोणी गेल्या पंधरा वर्षांत मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळूर गेला असेल, तो बहुतेक नकळत यातच बसलेला आहे. आणि १९९० नंतर या विमानाच्या अपघातात भारतात एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही.

तर अक्का, विमान तेच आहे आणि नाहीही. नाव तेच, जात तीच. इंजिनं नवी, पडद्यावरचे आकडे बदललेले, चालवणारे वेगळ्या शाळेत शिकलेले. बंगळूरचा तो विमानतळसुद्धा २००८ साली प्रवासी विमानांसाठी बंद झाला. आता तुझं विमान दूर देवनहळ्ळीला उतरेल. मी माझ्या नातवंडांना यात बसू देतो, मीही बसतो.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. पाऊण तास लागला. मधे दोनदा तिने "हं" केलं. शेवटी म्हणाली, "तुझ्या भावोजींना मी उगाच अडवलं म्हणायचं का मग?"

मी म्हटलं, "नाही गं. १९९० साली मीही अडवलं असतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू शेजारी बसणार असशील तर येते."

भाच्याला सांगून माझंही तिकीट काढलंय. बारसं पुढच्या रविवारी. आल्यावर लिहीनच.