औषधाच्या दुकानातला सोडा

मुंबईत केम्प्स कॉर्नर म्हटलं की १९६५ सालचा उड्डाणपूल डोळ्यांपुढे येतो. नाव मात्र पुलाहून जुनं, केम्प अँड कंपनी या औषधविक्रेत्यांच्या दुकानावरून पडलेलं. केम्प काय, ट्रीचर काय, इंग्रजी अमदानीतले हे बडे औषधवाले मिक्श्चर आणि मलमांच्या जोडीला सोडावॉटरही विकत.

त्यात नवल नव्हतं. सोडा जन्मला तोच औषध म्हणून. १७६७ साली लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टलीने बिअरच्या आंबणाऱ्या पिंपांवरचा वायू पाण्यात मुरवला आणि पुढे हे पाणी खलाशांच्या स्कर्व्हीवर चालेल असं सुचवलं. स्कर्व्ही त्याने बरा झाला नाही, पण सोडा पोटाला बरा ही समजूत टिकली. शिवाय वायू काढायचा तो खडू आणि गंधकाम्लापासून; असली रसायनं मापात हाताळणारा माणूस म्हणजे औषधवालाच.

अमेरिकेत सोडा औषधाच्या दुकानातच रमला. संगमरवरी कट्टा, त्यावर चकचकीत नळ, पलीकडे सरबतांच्या बाटल्या. १८८६ साली अटलांटातल्या जेकब्ज फार्मसीत अशाच कट्ट्यावर कोकाकोलाचा पहिला ग्लास पाच सेंटला विकला गेला. ते बनवणारा जॉन पेम्बर्टनही औषधविक्रेताच.

आपल्याकडे सोड्याने वाट बदलली. तो कट्ट्यावर थांबला नाही, बाटलीत बसून गल्लीबोळांत गेला. याचं मोठं श्रेय हायरम कॉड या इंग्रजाच्या १८७२ सालच्या बाटलीला द्यायला हवं. मानेत काचेची गोटी आणि वर रबराची कडी. बाटली उलटी धरून भरायची. सुलटी करेपर्यंत वायूच्या दाबाने गोटी कडीला घट्ट बसलेली असते. बूच नको, तार नको. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत दाबली की फस्सकन आवाज होतो आणि ती खाली मानेच्या खोबणीत अडकते. पिताना बाटली योग्य बाजूने कलती केली, तर काचेचे दोन उंचवटे गोटीला धरून ठेवतात. इतक्या साध्या युक्तीने इतकं चोख काम करणारी वस्तू विरळाच!

धंदा पुढे पारशी आणि इराणी कुटुंबांनी वाढवला. मुंबईचे सोडावाले पालनजी तर स्वतःची सुरुवात कॉडच्या बाटलीच्याही आधीची, १८६५ची सांगतात. पुण्यात १८८४ साली अर्देशीर इराणी यांनी कॅम्पात सोड्याचा कारखाना काढला. त्याच पुण्यात सहा वर्षांनी टिळक-रानड्यांसारख्यांनी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला, आणि त्यावरून पुढे त्यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवलं. कोणाच्या हातचं काय प्यावं याचा एवढा जाच असलेल्या शहरात सोड्याने आधी लष्करात, म्हणजे कॅम्पातच पाय रोवले, हे समजण्यासारखं आहे.

मुंबईत १८८९ साली दिनशाजी पांडोळे यांनी ड्यूक्स ही सोड्याची कंपनी सुरू केली. पांडोळे क्रिकेटपटू, आणि ड्यूक हे नाव त्यांनी क्रिकेटचे चेंडू बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीवरून घेतलं, असं सांगतात. ड्यूक्सचं रास्पबेरी आणि मँगोला यांवर मुंबईकरांच्या पिढ्या वाढल्या. १९९४ साली ती कंपनी पेप्सीने घेतली. पेप्सीचा जन्मही औषधाच्या दुकानातलाच, अमेरिकेतल्या न्यू बर्न गावी केलेब ब्रॅडहॅमच्या सोड्याच्या कट्ट्यावरचा. एका औषधवाल्याच्या पेयाने शंभर वर्षांनी आपलं घरचं पेय गिळलं, आणि ड्यूक्सची जुनी चव बाजारातून जवळपास हद्दपार झाली. हे नुकसान छोटं नाही. पेयाची चव ही शहराच्या आठवणीचा भाग असते. ती जपायला मोठ्या कंपनीच्या हिशेबात जागा नसते.

अर्देशीर मात्र अजून आहे. शरबतवाला चौकातल्या त्या घराण्याचा सोडा अजून काचेच्या बाटलीत येतो, आणि बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. कॅम्पात गेलात तर एक रास्पबेरी मागवा, आणि रिकामी बाटली घरी न नेता दुकानात परत द्या.